राधाकिसनची मोटार आणि टेंभुर्णीच्या अकरा बाया

टेंभुर्णीत काकासाहेब नावाच्या शेतकऱ्याच्या रानात राधाकिसन शिंगाडे मोटारीत बसला, की कपाशीतून बाया निघून यायच्या. त्यांना बोलवावं लागायचं नाही. मोटारीचं दार पहिल्या झटक्यात कधीच लागायचं नाही, तीनदा आपटावं लागे. तिसरा आवाज झाला की झुंबरबाई पदर खोचायची, "चला गं, निघाली सायबाची वरात," म्हणायची, आणि तिला धरून अकराजणी मोटारीच्या पाठीमागं येऊन उभ्या राहायच्या.

"तुळजे, काचंला नको, पत्र्याला लाव हात. हां, आता दाबा!"

मोटार दहा-पंधरा पावलं गडगडायची. राधाकिसन गिअर टाकून क्लच सोडायचा. मोटार ठसकायची, खाकरायची, निळ्या धुराचा लोट सोडायची आणि चालू व्हायची. बाया पदरानं नाक दाबून हसायच्या आणि परत आपापल्या ओळीला लागायच्या. १९९३ च्या पावसाळ्यापासून हे असंच चाललं होतं. गाडी नुसत्या चावीवरही सुरू होते, हे त्या रानात कुणी पाहिलेलंच नव्हतं.

राधाकिसन जालन्याच्या एका बियाणे कंपनीत एरिया ऑफिसर होता. ऑफिसर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं टेबल येतं, पंखा येतो. याचं टेबल म्हणजे जाफराबाद आणि भोकरदन तालुक्यातलं रान. कंपनी शेतकऱ्याला नर आणि मादी कपाशीचं बियाणं द्यायची, शेतकरी त्याचा प्लॉट लावायचा, आणि ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत त्या प्लॉटवर बायांचे हात चालायचे. उद्या उमलणारी मादीची कळी आज दुपारी नखानं सोलायची, आतला पिवळा तुरा काढायचा, खुणेला लाल कागद अडकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत, नराचं फूल तोडून त्या कळीवर फिरवायचं. एक कळी सोलायची राहिली तरी भेसळ. जवळपास दुसऱ्या जातीची कपाशी असली तरी भेसळ. भेसळ निघाली की प्लॉट नापास आणि सहा महिन्यांची मेहनत मातीत. भिंतीभिंतीवर ज्या संकरित वाणांच्या जाहिराती रंगवलेल्या असतात, ते सगळे वाण या बायांच्या नखांतून निघतात. जाहिरातीत मात्र फेटेवाला शेतकरी उभा असतो.

राधाकिसनचा बाप भिवा मेंढरं वळायचा. आज या शिवारात, उद्या त्या. बापामागं हिंडता हिंडता पोरगं शाळा शिकलं, शेतकी पदविका केली आणि नोकरीला लागलं, पण छपराखाली बसायची सवय त्या घराण्यालाच नव्हती. तो फटफटीवर फिरत होता तोवर सगळं बराबर होतं. १९९१ ला खडीवर फटफटी घसरली आणि मणक्यातल्या दोन चकत्या सरकल्या. तीन महिने तो खाटेवर होता. डॉक्टरनं बजावलं, परत दोन चाकांवर बसलास तर कायमचा आडवा होशील.

एरिया ऑफिसरनं स्वतःची चारचाकी ठेवली तर कंपनी दरमहा गाडीभत्ता द्यायची. नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. मग जालन्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरची, गोठ्याशेजारी उभी असलेली पांढरी मोटार त्यानं घेतली. चौऱ्याहत्तर सालचं मॉडेल, गिअर स्टेअरिंगला. बायको गोपिकाबाईनं बोनेटला हळदकुंकू लावलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "आवो, ही आपल्याला संभाळील का आपुन हिला?"

उत्तर आठ दिवसांत मिळालं.

भत्ता सगळ्यांना सारखा होता, गाड्या सारख्या नव्हत्या. कुंभार पिंपळगावकडं फिरणारा ऑफिसर बद्रीनाथ नव्या कोऱ्या छोट्या गाडीतून हिंडायचा. त्याची गाडी लिटरला सोळा पळायची. राधाकिसनची आठ, चढ लागला तर सात, आणि समोरून वारा असला तर देवाचं नाव. बद्रीनाथचा हप्ता भत्त्यातून जाऊन वर चहापाणी सुटायचं. राधाकिसनचा भत्ता खाजा मिस्त्रीच्या गॅरेजात जायचा आणि त्याच्या मागोमाग घरचा किराणाही थोडा थोडा त्याच वाटेनं जायचा. आज रेडिएटरची नळी, उद्या प्लग, परवा सायलेन्सर तुटून रस्त्यावर. चावीवर गाडी उठवणारा सेल्फ तर पहिल्याच महिन्यात मेला. नवा टाकायचा म्हटलं की त्याआधी दुसरं काहीतरी मरायचं.

भत्त्याच्या फॉर्मवर किलोमीटरचा आकडा लिहावा लागायचा. मोटारीचा मीटर डॉक्टरच्याच काळात ४७,३१२ वर थांबलेला. अकाउंटवाले दर महिन्याला खवचटपणे विचारायचे, "शिंगाडे, तुमची गाडी चालते तरी का?"

राधाकिसन तडकायचा. "आकडा थांबलाय, चाकं न्हाई थांबली! धावडा जालन्याहून किती लांब हाय ते नकाशात बघा आन करा गुणाकार."

सुरुवातीला त्याला लाज वाटायची. ऑफिसरनं आत बसायचं आणि बायांनी मागून ढकलायचं, हे काय चांगलं दिसतं? एकदा तो खाली उतरून स्वतःच ढकलायला लागला, तर झुंबरबाईनं त्याला दंडाला धरून बाजूला केलं. "मणका मोडून घ्यायचाय का? बसा आत गुमान. तुम्ही उद्या आलाव न्हाई तर आमच्या कळ्या कोण बघील?"

नुसती टेंभुर्णीच नव्हे. धावड्याचा हॉटेलवाला चहाच्या किटलीनं रेडिएटरला पाणी घालायचा. एका शेतकऱ्यानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून फाटक्या नळीला गुंडाळून दिला, तो दोन वर्षं टिकला. कुणी बैल जुंपून नाल्यातून ओढून काढली, कुणी आपल्या गोठ्यात तिला जागा दिली आणि वासरू बाहेर बांधलं. ती मोटार कंपनीच्या भत्त्यावर चालते, हे कागदावर खरं होतं. रस्त्यावर ती लोकांच्या हातांवर चालत होती, आणि राधाकिसनला ते पक्कं ठाऊक होतं.

१९९६ ला पोळ्याच्या आठवड्यात ऑफिसातून कागद आला. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचा भत्ता बंद. मात्र तपासणीत गाडी विनामदत सुरू होणारी आणि फिल्डला चालणारी आढळली, तर विचार केला जाईल. ज्याची गाडी नापास होईल त्यानं फटफटी घ्यावी, नाहीतर गोडाऊनला हजर व्हावं.

फटफटी बिलकुल शक्य नव्हती. म्हणजे गोडाऊन. पत्र्याखाली पोत्यांच्या थप्पीशेजारी स्टूल टाकायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोत्यांवर शिक्के मारायचे. राधाकिसननं रात्री जेवताना गोपिकाबाईला सांगितलं आणि ताट तसंच सरकवलं. "मोटार गेली की फिल्ड गेलं. त्या पत्र्याखाली मी सहा महिने काढायचो न्हाई."

दुसऱ्या दिवशी तो खाजा मिस्त्रीकडं गेला. खाजाभाईनं कागद त्याच्याकडूनच वाचून घेतला, कानामागची बिडी काढली आणि म्हणाला, "एक पुराना सेल्फ पडा है मेरे पास. उसका कार्बन अच्छा है. बिठा देता."

"खर्चा किती, खाजाभाई?"

"गाडी पास हुई तो देना. नै हुई तो तू गोडाऊन में बैठेगा, तेरेकू क्या मंगना?"

दोन दिवस खाजाभाई मोटारीखाली पडून होता. तिसऱ्या दिवशी राधाकिसननं चावी फिरवली आणि मोटार जागच्या जागी चालू झाली. त्यानं ती बंद केली, परत चालू केली. सात वेळा केली. शेवटी खाजाभाईनं चावी काढून घेतली. "बस कर रे, घिस जायेगा."

तपासणीला अकाउंटचे धारूरकर साहेब आले. गाडी जिथं काम करते तिथंच बघायची, असा त्यांचा आग्रह. कोरडा माणूस. कुणाचा चहा घेत नसे आणि कुणाला वाईटही बोलत नसे. कंपनीच्या जीपनं ते थेट काकासाहेबांच्या रानात उतरले. हातात लाकडी पॅड, पॅडला फॉर्म. राधाकिसन इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. मोटार धुऊन पुसून लिंबाखाली लावलेली.

"सुरू करून दाखवा," साहेब म्हणाले आणि बोनेटसमोर जाऊन उभे राहिले.

राधाकिसन आत बसला. त्याचं सगळं ध्यान साहेबांच्या तोंडाकडं. दार ओढलं. लागलं नाही. परत ओढलं. तिसऱ्यांदा जोरात आपटलं.

तो आवाज कपाशीत गेला.

त्यानं चावी फिरवायला आणि पाठीमागून "दाबा!" अशी आरोळी यायला एकच गाठ पडली. आज मोठा साहेब आला आहे, तर आपल्या माणसाची शोभा व्हायला नको, म्हणून बायांनी रोजच्या दुप्पट जोर लावलेला. मोटार सुसाट पुढं निघाली. धारूरकर साहेबांनी उडी मारली ती थेट कपाशीच्या ओळीत. पॅड एकीकडं, चष्मा दुसरीकडं. मोटार चालू झाली होती, पण चावीनं झाली का धक्क्यानं, हे आता देवालाच माहीत.

साहेबांनी चष्मा पुसला. पॅड उचललं. "म्हणजे ढकलून सुरू होते तर," ते म्हणाले आणि लिहायला लागले.

राधाकिसन बाहेर आला तो लालबुंद होऊन. "कुणी सांगितलं व्हतं तुम्हाला ढकलायला? आँ? कुणी बोलवलं व्हतं?"

तुळजाबाईचे हात अजून तसेच पुढं होते. झुंबरबाईनं त्याच्याकडं सरळ बघितलं.

"आजवर कुणी बोलवलं व्हतं?"

राधाकिसननं मान खाली घातली. मग त्यानं हळू आवाजात सांगितलं, की सेल्फ दुसरा टाकलाय, ही तपासणी त्याचीच, आणि गाडी नापास झाली तर मी उद्यापासून गोडाऊनला. बायांनी एकमेकींकडं पाहिलं. तुळजाबाईनं कपाळावर हात मारला. "अगं माय, आपुनच घालवलं गं भाऊला!"

झुंबरबाई मात्र तडक साहेबांपुढं जाऊन उभी राहिली. "ओ मोठे सायेब, ते लिव्हणं थांबवा जरा. चूक आमची हाय. चार हंगाम झाले, दार वाजलं की आमचे पाय आपोआप निघत्यात. आता आम्ही पार तिकडं बांधावर जाऊन बसतो. तुम्ही सोता चावी फिरवा. आमची सावलीबी मोटारीवर पडली तर मंग लिव्हा काय लिव्हायचं ते."

आणि अकराच्या अकरा बाया बांधावर जाऊन, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या पोरींसारख्या ओळीनं बसल्या.

साहेबांनी मोटार बंद केली. थोडा वेळ थांबले. मग चावी फिरवली. मोटार सुरू झाली. परत बंद, परत सुरू. तिसऱ्यांदाही झाली. बांधावरून कुणीतरी टाळी वाजवली आणि झुंबरबाईनं तिला कोपर मारलं.

"सुरू होते," साहेब म्हणाले. "आता चालते का ते बघू. धावड्याकडे घ्या."

धावड्याचा रस्ता म्हणजे चढ. राधाकिसननं होता होईल तेवढी जपून चालवली, पण धावडा दोन किलोमीटरवर राहिलं आणि बोनेटमधून वाफ निघाली. मोटार बाजूला घ्यावी लागली. साहेबांनी पॅडवर काहीतरी टिपलं. राधाकिसननं ते काय असेल याचा अंदाजही केला नाही. संपलं, असं त्याच्या मनानं घेतलं.

"साहेब, अर्धा घंटा लागंल थंड व्हायला," तो म्हणाला. "मी पाणी घेऊन येतो. ही बाजूची विहीर साळूबाईची. तिचाबी प्लॉट हाय आपला."

एकटं बसून काय करायचं, म्हणून साहेबही मागून निघाले. प्लॉटच्या कडेनं जाताना राधाकिसन अचानक थांबला. कॅन खाली ठेवला. दोन झाडांच्या मधलं एक झाड त्यानं पानांवरून हात फिरवून बघितलं, मग पुढचं बघितलं.

"साळूबाई!" त्यानं हाक मारली. "ए साळूबाई, हितं नांग्या कशानं भरल्या?"

साळूबाई खुरपं घेऊन आली. उगवण चुकली तिथली मोकळी जागा तिनं घरच्या साध्या सरकीनं भरली होती. "रिकामी जागा बघवंना, भाऊ. दात पडल्यावानी दिसत व्हतं. टोबले चार दाणे."

"चार? हे सतरा झाडं हायेत! उद्या-परवा ही फुलली असती तर तुझा सगळा प्लॉट नापास झाला असता, माय."

साळूबाईचं तोंड उतरलं. पण तिनं लगेच झाडं उपटायला घेतली. राधाकिसननं मणक्याचं दुखणं विसरून तिच्यासोबत उपटली. एकाही झाडाचं फूल अजून उमललेलं नव्हतं.

साहेब बांधावरून बघत होते. "आज इथली पाहणी ठरलेली होती का, शिंगाडे?"

"न्हाई साहेब. आज इथं गाडी तापायची ठरलेली नव्हती." लपवायला आता काही उरलंच नव्हतं, म्हणून तो सरळ बोलून गेला. "खरं सांगू का? चार वर्षं हे असंच चाललंय. ही मोटार जिथं बसती तिथं मी बसतो. पाण्याला जातो, बैलाला जातो, मंग रान दिसतं. धड गाडी असती तर मी या रस्त्यानं बारा गावं करून सांजच्याला घरी गेलो असतो आन साळूबाईच्या नांग्या तशाच राहिल्या असत्या. आता चांगलं म्हणा, वाईट म्हणा."

साहेबांनी बुटावरची माती झटकली. "नापास प्लॉटची यादी माझ्याच टेबलावरून जाते," एवढंच ते बोलले.

परत निघताना साळूबाईनं विचारलं, धावड्याच्या फाट्यापर्यंत सोडता का. साहेब म्हणाले, "बसू द्या की."

राधाकिसन म्हणाला, "न्हाई बसवता येत, साहेब. भत्त्याच्या गाडीत शेतकरी न्हाई, मजूर न्हाई, बाहेरचं कुणीच न्हाई. तुमच्याच ऑफिसचा नियम हाय. मी मोडला न्हाई कधी." साळूबाई पायी चालू लागली.

निकालाचा कागद दिवाळीच्या तोंडावर आला. गाडी विनामदत सुरू होते. चढावर तापते. वयाच्या नियमामुळं पूर्ण भत्ता देता येत नाही. परंतु या एरियातले नापास प्लॉट कंपनीत सर्वांत कमी असल्यामुळं निम्मा भत्ता चालू ठेवून अधिकाऱ्यास फिल्डवरच ठेवावं. खाली धारूरकरांची सही.

बद्रीनाथ उखडला. "निम्म्यावर राजी झालास? भांडायचं न्हाई का?"

राधाकिसन एरवी भांडलाच असता. चहाच्या कपावरूनही भांडणारा माणूस तो. पण त्या दिवशी त्यानं कागद दोनदा वाचला, घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि पहिल्यांदा खाजा मिस्त्रीकडं जाऊन सांगितलं, मग थेट टेंभुर्णीला निघाला. आमच्याकडं कुणाला 'आभारी आहे' म्हणायची रीत नाही, म्हटलं तर समोरचा विचारतो, काय झालं, बरं न्हाई का? त्यामुळं काय बोलायचं, हे त्याला वाटेत काही सुचलं नाही.

हंगामाचा शेवटचा दिवस होता. काम आटपून बाया डबे धूत होत्या. त्यानं निकाल सांगितला.

"निम्मा म्हंजे?" झुंबरबाईनं विचारलं.

"म्हंजे अर्धी मोटार कंपनीची. अर्धी आता माझी."

"मंग तुमची अर्धी कोणती?"

"पाठीमागची," राधाकिसन म्हणाला, आणि त्यानं मागचं दार उघडून धरलं. "तिच्यावर कंपनीचा नियम चालत न्हाई. बसा. गावात सोडतो."

कुणीच हललं नाही. चार हंगाम ज्यांनी ती मोटार ढकलली, तिचा पाठीमागचा पत्रा ज्यांना डोळे झाकून ठाऊक होता, त्यांच्यातली एकही बाई कधी आत बसलेली नव्हती. हे राधाकिसनच्या ध्यानात त्या उघड्या दाराशी उभं राहिल्यावर आलं आणि त्याला कसंतरीच झालं.

शेवटी तुळजाबाई पुढं आली. तिनं चपला काढून बांधावर ठेवल्या, पाय झटकले आणि मग आत गेली.

"आगं चपला घाल की!"

"राहू द्या, भाऊ. आत गादी हाय."

चारजणी गेल्या, मग आणखी चारजणी. प्रत्येक खेपेला बांधावर चपलांची ओळ राहायची आणि पुढच्या खेपेला कुणीतरी ती उचलून मांडीवर घेऊन बसायची. शेवटच्या खेपेला तिघी उरल्या. झुंबरबाईला त्यानं पुढं, स्वतःशेजारी बसवलं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. खिडकीची काच खाली करून मागितली. दोन्ही हातांनी पुढचा दांडा गच्च धरला आणि समोरच्या रस्त्याकडं असं बघितलं, जणू तो आजच झालाय.

गाव जवळ आलं तसा राधाकिसन तिच्या आळीकडं वळायला लागला. तिनं त्याच्या हाताला हात लावला.

"इकडून नको. स्टँडवरून घ्या."

"स्टँड लांब पडतं, मावशी."

"पडू द्या. आन हळू घ्या. लोकांना नीट दिसलं पाहिजे, आत कोण बसलंय ते."

राधाकिसननं मोटार स्टँडच्या रस्त्याला घातली आणि गिअर खाली टाकला.